बाळाच्या मेंदूत किंवा हृदयात काही दिसलं तर: पहिल्यांदा आई-बाबा होणाऱ्यांसाठी, सोनोग्राफीपासून जन्मापर्यंत

सोनोग्राफीच्या खोलीत एक क्षण असा येतो की डॉक्टर बोलायचं थांबतात. प्रोब पोटावर एका जागी स्थिरावतो, पडद्यावरचं चित्र गोठतं, त्यावर दोन लहान फुल्या उमटतात आणि त्यांना जोडणाऱ्या ठिपक्यांच्या रेषेचं माप कोपऱ्यात येतं. आई डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघते, बाबा पडद्याकडे. गर्भाच्या सोनोग्राफ्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि ही शांतता मी रोज बघते. बहुतेक वेळा तिचा अर्थ एवढाच असतो, की मोजमाप चालू आहे.

कधीकधी मात्र खरंच काहीतरी वेगळं दिसतं आणि रिपोर्टमध्ये एक लांबलचक शब्द लिहून येतो. तो शब्द घेऊन घरी गेलेली जोडपी रात्रभर फोनवर शोधत बसतात, आणि सकाळी परत येतात तेव्हा सगळ्यात वाईट शक्यताच त्यांनी खरी धरलेली असते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एका शब्दावरून काही ठरत नाही. जे दिसलं ते किती आहे, सोबत आणखी काही आहे का, आणि काही आठवड्यांनी ते वाढतंय का, ही तीन उत्तरं हातात आल्यावरच बाळाबद्दल काही बोलता येतं.

पहिली पायरी: आठवडे पक्के करा

गर्भाची बहुतेक मापं आठवड्यांशी ताडूनच बघावी लागतात. लहान मेंदूचंच, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागातल्या सेरेबेलमचंच घ्या. मधल्या महिन्यांत त्याची आडवी रुंदी साधारण जेवढे आठवडे तेवढे मिलिमीटर भरते, म्हणजे २० व्या आठवड्यात २० मिलिमीटरच्या आसपास. आता पाळीची तारीखच दोन आठवड्यांनी चुकलेली असेल, तर निरोगी बाळाचा लहान मेंदू कागदावर खुजा ठरेल. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नका. तेव्हा बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून जी तारीख निघते ती सर्वांत भरवशाची. ती एकदा ठरली की पुढे बदलायची नाही. दर सोनोग्राफीला नवी तारीख लिहिली जाऊ लागली, तर वाढ खुंटलेलं बाळही बरोबर वाटायला लागतं.

याच वेळी डॉक्टरांना घरचा इतिहास सांगून टाका. आई, बाबा किंवा आधीच्या बाळाला जन्मजात हृदयदोष होता का, आईला दिवस राहण्याआधीपासून मधुमेह आहे का, फिट्सची औषधं चालू आहेत का, ल्यूपससारखा आजार आहे का, जुळी बाळं एकाच वारेवर आहेत का, सुरुवातीच्या महिन्यांत अंगावर पुरळ येऊन ताप आला होता का. यातलं एक जरी उत्तर 'हो' असेल तर नेहमीच्या सोनोग्राफीखेरीज बाळाच्या हृदयाची वेगळी इको, म्हणजे फक्त हृदयाची सविस्तर सोनोग्राफी, किंवा आणखी एखादी तपासणी लागू शकते. पण हे सांगितलं नाही तर समोरच्याला कळणार कसं?

फॉलिक ॲसिडबद्दल दोन शब्द इथेच सांगते, कारण त्याची वेळ फार लवकर निघून जाते. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा कित्येक जणींना दिवस राहिल्याचं नुकतंच कळलेलं असतं. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते. आधीच्या बाळाची ही नळी मिटायची राहून गेली असेल तर डॉक्टर बऱ्याच मोठ्या मात्रेची गोळी देतात. त्या मात्रेने पुन्हा तसं होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

दुसरी पायरी: ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी

बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान असताना ही करतात. लोक हिला एनटी स्कॅन म्हणतात, कारण मानेच्या मागच्या त्वचेखालचं पाणी यात मोजलं जातं. ते ३.५ मिलिमीटर किंवा जास्त भरलं, तर गुणसूत्रांची तपासणी सुचवतात. गुणसूत्रं ठीक निघाली तरी विषय तिथे मिटत नाही. अशा बाळांत हृदयदोषाचं प्रमाण जास्त असतं, म्हणून हृदयाची इको मागून घ्या.

या वयातही काही गंभीर गोष्टी दिसतात. कवटीच तयार न होणं, किंवा मेंदूचे दोन भाग वेगळे न होणं, हे आता कळू शकतं. डोक्याच्या आडव्या छेदात मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना फुलपाखराच्या पंखांसारखे दोन पांढरे पट्टे दिसले, की मेंदू दोन भागांत विभागला गेल्याची खूण मिळते. बाकी मेंदू अजून घडतोच आहे. त्यामुळे 'एनटी नॉर्मल' आलं म्हणून पुढची सोनोग्राफी टाळता येत नाही.

तिसरी पायरी: १८ ते २२ आठवडे, आधी डोकं

यालाच ॲनोमली स्कॅन म्हणतात. मेंदूसाठी डोक्याचे निदान तीन आडवे छेद घेतले जातात. एकात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या दिसतात, दुसऱ्यात डोक्याचा घेर मोजला जातो, आणि तिसऱ्यात मागचा लहान मेंदू व त्यामागची पाण्याची जागा.

पोकळीचं माप म्हणजे त्या दोन फुल्या. बाळ किती आठवड्यांचं आहे यावर हे माप फारसं अवलंबून नसतं. १० मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक. १० ते १२ म्हणजे सौम्य फुगवटा, १३ ते १५ मध्यम, आणि १५ च्या वर गेला तर गंभीर. फुली भिंतीच्या आत ठेवली की बाहेर, छेद सरळ आहे की तिरका, एवढ्यावरसुद्धा मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होतं. १०.३ लिहून आलं तर पहिली गोष्ट म्हणजे तेच माप अनुभवी हाताकडून पुन्हा घेणं.

डोक्याच्या पुढच्या भागात मधोमध एक छोटा चौकोनी डबा दिसतो, त्याच्या नावाचं लघुरूप सीएसपी. साधारण १८ ते ३७ आठवड्यांत तो दिसायलाच हवा. दिसला नाही, तर मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, तयार झाला आहे की नाही हे नीट तपासावं लागतं. हा पूल २० व्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होतो. लहान मेंदूचा मधला भागही हळूहळू बंद होत येतो. म्हणून १७ व्या आठवड्यात 'पूर्ण दिसत नाही' असं कुणी म्हटलं, तर २० ते २२ व्या आठवड्यात पुन्हा बघितल्याशिवाय त्यावर काही ठरवू नका.

मणका उघडा राहिला असेल तर त्याची पहिली चाहूल बहुधा डोक्यातच लागते. कवटी पुढून लिंबासारखी चिमटलेली दिसते आणि लहान मेंदू मागे ओढला जाऊन केळ्यासारखा वाकतो. लिंबू आणि केळं या खुणा १९८६ साली नोंदल्या गेल्या. पाठीवरची फट काही मिलिमीटरची असते आणि बाळ पाठ टेकून पडलेलं असलं तर ती निसटू शकते. डोकं मात्र कुठल्याही सोनोग्राफीत बघितलंच जातं.

चौथी पायरी: हृदय

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे. जन्मजात व्यंगांत हृदयाची व्यंगं सर्वांत जास्त आढळतात, साधारण १०० जन्मांत एक, आणि सोनोग्राफीत निसटतातही तीच जास्त.

२० व्या आठवड्यात हे हृदय तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढं असतं आणि मिनिटाला साधारण १२० ते १६० ठोके मारत असतं. छातीचा आडवा छेद घेतला की ते छातीचा एक-तृतीयांश भाग व्यापून, टोक डावीकडे करून, सुमारे ४५ अंशांत कललेलं दिसायला हवं. चार कप्पे दिसतात. मणक्याला सर्वांत जवळचा तो डावा वरचा कप्पा, छातीच्या हाडामागचा तो उजवा खालचा. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक दार असतं आणि त्याचा पातळ पापुद्रा प्रत्येक ठोक्यासरशी डावीकडे फडफडतो. ते दार जन्माआधी उघडंच असायचं असतं, त्याला भोक समजून घाबरू नका. चारही कप्पे जिथे भेटतात तिथे फुलीसारखा आकार होतो. दोन झडपा तिथे एका रेषेत नसतात. उजवीकडची किंचित टोकाच्या बाजूला सरकलेली असते. त्या अगदी एका पातळीत आल्या, तर मधला भाग नीट जुळलेला नाही अशी शंका घेतात. हा दोष आणि डाउन सिंड्रोम बरेचदा एकत्र सापडतात, म्हणून पुढची पायरी गुणसूत्रांची.

आता सर्वांत महत्त्वाचं. चार कप्पे सुंदर दिसले म्हणजे हृदय ठीक, असं नाही. महाधमनी आणि फुफ्फुसाकडे जाणारी धमनी यांची अदलाबदल झालेली असेल, तर चार कप्प्यांचा छेद अगदी निरोगी दिसू शकतो. कळतं ते प्रोब थोडा वर सरकवल्यावर. निरोगी हृदयात डाव्या कप्प्यातून निघालेली महाधमनी आणि उजव्यातून निघालेली फुफ्फुसधमनी एकमेकींना ओलांडून जातात. अदलाबदल झालेली असेल तर त्या ओलांडत नाहीत, रुळांसारख्या शेजारी-शेजारी धावतात. जन्मल्यावर अशा बाळाला पहिल्या तासांतच उपचार लागू शकतात, त्यामुळे आधी कळण्याला फार किंमत आहे.

म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर हृदयाची ओळ शोधा. तिथे नुसते 'चार कप्पे दिसले' लिहिलं आहे, की दोन्ही बाहेर जाणाऱ्या धमन्या आणि छातीच्या वरच्या भागातला तीन रक्तवाहिन्यांचा छेदही नोंदला आहे? नसेल तर विचारा. बाळाची स्थिती आड येत होती, पाठ वर होती, हात छातीवर होते, ही कारणं खरी असतात. अशा वेळी थोडं चालून यायला सांगतात, नाहीतर आठवडाभराने पुन्हा बोलावतात. तो आठवडा जरूर द्या.

सोनोग्राफीची मर्यादाही ठाऊक असू द्या. खालच्या कप्प्यांमधली बारीक भोकं निसटतात. महाधमनी अरुंद होण्याचा दोष जन्माआधी पकडणं अवघड जातं. वरच्या पडद्यातलं दार आणि धमन्यांना जोडणारी नळी जन्मानंतर मिटणार की नाही, हे आधी सांगता येत नाही, कारण गर्भात दोन्ही उघडीच असतात.

ठोके मधेच चुकत असतील तर बहुतेकदा ते जास्तीचे ठोके असतात आणि आपोआप थांबतात. ठोके सतत २०० च्या वर किंवा १०० च्या खाली राहत असतील तर मात्र त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा. फार जलद ठोक्यांवर आईला औषध देऊन वारेवाटे बाळावर उपचार करता येतात. फार मंद ठोक्यांत आईच्या रक्तातल्या ठरावीक प्रतिपिंडांची तपासणी करतात. आईला काहीही त्रास नसताना ती असू शकतात.

पाचवी पायरी: रिपोर्टमधल्या शब्दाला तीन प्रश्न विचारा

काही शब्द भीतिदायक दिसतात आणि एकटे असतील तर निरुपद्रवी असतात. हृदयातला चमकदार ठिपका हा हृदयदोष नव्हे. मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्ससमधली, म्हणजे मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या भागातली, पाण्याची गाठ बहुधा २८ व्या आठवड्यापर्यंत विरून जाते आणि बुद्धीवर तिचा परिणाम होत नाही. ही दोन्ही चिन्हं लिहायचं कारण एवढंच, की सोबत आणखी काही सापडलं तर गुणसूत्रांचा विचार व्हावा.

पोकळी ११ मिलिमीटर आली असं धरू. किती? सौम्य. एकटंच आहे का? यासाठी कॉर्पस कॅलोसम, लहान मेंदू, मणका, हृदय, सगळं पुन्हा बघावं लागतं. संसर्ग आणि गुणसूत्रंही तपासतात. वाढतंय का? काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात. १० ते १२ मिलिमीटरचा, खरोखर एकटा आणि न वाढणारा फुगवटा असलेल्या दहांतली नऊ किंवा जास्तच मुलं इतर मुलांसारखी वाढतात. तोच ११ चा आकडा आणि सोबत कॉर्पस कॅलोसम नाही, तर बोलणं पूर्ण वेगळं होतं. आकडा एकच, बाळं दोन.

सहावी पायरी: पुढची तपासणी कुठली आणि कशासाठी

मेंदूसाठी आधी सविस्तर न्यूरोसोनोग्राफी. यात उभे छेदही घेतात, आणि बाळाचं डोकं खाली असेल तर योनीमार्गे प्रोब लावून फार स्वच्छ चित्र मिळतं. त्याने बाळाला धोका नाही. एमआरआय त्यानंतर. त्यात क्ष-किरण नसतात आणि गर्भारपणात सहसा रंगद्रव्याचं इंजेक्शनही देत नाहीत. आवाज मोठा आणि अर्ध्या-पाऊण तासाचं निजून राहणं, एवढाच त्रास. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मेंदूच्या दोषांचं नेमकं निदान नुसत्या सोनोग्राफीने ६८ टक्के आणि एमआरआय केल्यावर ९३ टक्के बरोबर ठरलं होतं. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या वळ्या उशिरा पडतात, म्हणून त्यांच्याबद्दल शंका असेल तर एमआरआय ३० व्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा करायला सांगू शकतात.

हृदयासाठी फीटल इको, शक्यतो मुलांच्या हृदयतज्ज्ञांकडून किंवा गर्भाच्या हृदयाचं काम रोज करणाऱ्यांकडून. हृदयासाठी एमआरआय सहसा लागत नाही.

व्यंग दिसलेलं असेल तर १५ आठवड्यांनंतर गर्भजल काढून गुणसूत्रं तपासणं सुचवतात. मायक्रोॲरे या जास्त बारकाईच्या तपासणीत गुणसूत्राचे हरवलेले किंवा जास्तीचे बारीक तुकडेही कळतात. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमन्यांच्या दोषांत २२ व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा हरवलेला असू शकतो, तोही यात सापडतो. अनुभवी हातात गर्भजल तपासणीमुळे गर्भपात होण्याचा धोका शेकडा एकापेक्षा कमी असतो. 'आधी एनआयपीटी करून बघू' असा मोह होतो. एनआयपीटी ही आईच्या रक्तावरची चाळणी आहे. सोनोग्राफीत व्यंग दिसल्यावर तिच्या नॉर्मल निकालावर विसंबून राहू नका.

मेंदूत फुगवटा किंवा चुन्याचे ठिपके दिसले तर सीएमव्ही आणि टॉक्सोप्लाझ्मा या संसर्गांची तपासणी व्हायला हवी.

सातवी पायरी: भेटीला जाताना

दोघं मिळून जा. पहिल्या पाच मिनिटांनंतर सांगितलेलं बरंचसं डोक्यात शिरत नाही. दुसऱ्या कानाची गरज असते. सर्व रिपोर्ट, आठवड्यांच्या क्रमाने, आणि शक्य असेल तर चित्रांची फाईलसुद्धा न्या. प्रश्न कागदावर लिहून न्या. निदान किती खात्रीचं आहे? अशा मुलांचं पहिलं वर्ष कसं जातं? किती शस्त्रक्रिया लागतील? चालणं, बोलणं, शाळा यांबद्दल काय माहीत आहे? मेंदूसाठी मुलांच्या मेंदूतज्ज्ञांना आणि हृदयासाठी मुलांच्या हृदयतज्ज्ञांना भेटल्याशिवाय ही उत्तरं अर्धीच राहतात. ती सोनोग्राफी करणाऱ्याकडून ऐकू नका, माझ्यासारखीकडूनही नाही. आम्हाला चित्र वाचता येतं. या मुलांना मोठं होताना रोज बघतात ते हे डॉक्टर.

गर्भ पुढे न्यायचा की नाही, हा प्रश्न काही घरांपुढे येतो. कायद्याची आठवड्यांची मर्यादा देशोदेशी वेगळी आहे, म्हणून ती पहिल्याच भेटीत विचारून घ्या आणि तपासण्यांच्या तारखा तिच्या आत बसवा. निर्णय तुमचा. नातेवाइकांना सांगायचं की नाही, केव्हा आणि किती, हेही तुम्हीच ठरवा. आणि आईने काही खाल्लं, उचललं किंवा कुठे गेली म्हणून हे झालं, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला तिथेच थांबवा. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतच नाही, आणि जेव्हा सापडतं तेव्हा ते सहसा असं नसतं.

काही थोड्या दोषांवर गर्भातच उपचार होतात. उघड्या मणक्यावर निवडक गर्भवतींत २६ व्या आठवड्याआधी शस्त्रक्रिया करतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्या बाळांपैकी ८२ टक्के बाळांना पहिल्या वर्षात डोक्यात शंट, म्हणजे साचलेलं पाणी वाहून नेणारी नळी, लागला, तर गर्भातच झालेल्यांत ४० टक्के. मोबदल्यात वेळेआधी बाळंतपणाचा आणि गर्भाशयावरच्या व्रणाचा धोका येतो. म्हणून हे ठरावीक केंद्रांतच होतं.

आठवी पायरी: जन्म कुठे

बाळाचं रक्ताभिसरण धमन्यांमधल्या त्या नळीवर अवलंबून असेल, तर जन्मानंतर ती मिटू नये म्हणून प्रोस्टाग्लँडिनची ड्रिप लावावी लागते. धमन्यांची अदलाबदल असेल तर काही बाळांत पहिल्या दिवशीच वरच्या पडद्यातलं दार फुग्याने मोठं करतात. असं बाळ जिथे हे होतं त्याच ठिकाणी जन्मावं. जन्मल्यावर गाडीत घालून न्यायला लागू नये. बहुतेक हृदयदोषांत नेहमीसारखं बाळंतपण होऊ शकतं. सिझेरियन निव्वळ हृदयासाठी लागत नाही. ३२ व्या आठवड्यापर्यंत हॉस्पिटल, बाळाचे डॉक्टर आणि रात्री-अपरात्री लावायचा नंबर ठरलेला असू द्या.

शेवटच्या महिन्यांत एक प्रत फाईलमध्ये आणि एक हॉस्पिटलच्या बॅगेत ठेवा: सोनोग्राफी, इको, एमआरआय, गुणसूत्रांचा निकाल. बाळ जन्मलं की ती थेट बाळाच्या डॉक्टरांच्या हातात द्या. बाळंतपणाच्या कागदांत ती हरवायला नको. सगळं नॉर्मल आलेलं असलं तरी २४ तासांनंतर उजव्या हाताला आणि एका पायाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजायला सांगा. ९५ टक्के किंवा वर, आणि हातापायांत ३ पेक्षा जास्त फरक नाही, असं यायला हवं. दोन मिनिटं लागतात, बाळाला दुखत नाही, आणि सोनोग्राफीतून निसटलेले काही हृदयदोष इथे सापडतात.